पंचेचाळिसावा कागद

मुलांनो, एक पूल डोळ्यांसमोर आणा. डोळे मात्र उघडेच ठेवा, नाहीतर पुढचं वाचणार कसं? पूल काही फार मोठा नाही. खाली कालवा आहे, पाणी संथ आहे, काठाला शेवाळ धरलंय. पुलाची रुंदी इतकीच, की समोरून छत्री उघडलेला माणूस आला तर आपण आपली मिटायची. पण या पुलाची एक गोष्ट चांगली आहे. रस्ता आणि पूल एकाच पातळीत आहेत. मध्ये पायरी नाही, उंबरठा नाही, काही नाही.

आता त्या पुलावर एक तीनचाकी सायकल आणा, हातांनी फिरवायची. चालवणारी बाई शिवणकाम करते. लहानपणीच्या आजारानं तिचे दोन्ही पाय अधू झालेत, पण दंड असे आहेत की गल्लीत पंजा लढवायला तिच्यासमोर कुणी बसत नाही. मागच्या फळीवर दप्तर मांडीवर घेऊन तिची भाची बसली आहे. भाचीला चांगलं लांबलचक नाव होतं, पण आत्या तिला टाचणी म्हणायची, कारण ती बारीक होती आणि कुठंही टोचायची. गल्लीनं तेच नाव उचललं.

आत्याचं घर कालव्याच्या या काठाला आणि दुकान त्या काठाला. मधला पूल म्हणजे दोन मिनिटांचं काम. पूल नसेल तर मोठ्या रस्त्यानं वळसा घालायचा, तोही ट्रकांच्या मधून, हातानं चाकं फिरवत. एका बाजूनं पाऊण तास.

एके दिवशी शाळा सुटल्यावर टाचणी पुलाच्या टोकाला आत्याची वाट बघत उभी होती. तिथल्या खांबावर शिकवणीच्या वर्गाची जाहिरात चिकटवलेली होती. रिकाम्या हातांना चाळा म्हणून तिनं तिचा कोपरा नखानं उचकटला, आणि जाहिरातीच्या खालून दुसराच कागद निघाला. त्याच्यावर नगरपालिकेचा शिक्का होता. तेवढ्यात आत्याची तीनचाकी आली.

"आत्या, हे बघ. 'सदर पूल जीर्ण झाल्याने पाडण्यात येत असून त्या जागी उंच पादचारी पूल बांधण्याचे योजिले आहे. पायऱ्या, प्रत्येक बाजूस बत्तीस.' "

आत्यानं चाकं थांबवली. "किती?"

"बत्तीस."

"पुढं वाच."

" 'नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना वीस तारखेपर्यंत लेखी द्याव्यात.' आत्या, आज चौदा आहे."

 आत्यानं पुलाकडे बघितलं, मग स्वतःच्या चाकांकडे, आणि दुकानाकडे निघाली. त्या दिवशी तिनं एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या. आजवर असं कधी झालं नव्हतं.

बातमी गल्लीत पसरायला संध्याकाळ पुरली. आत्याच्या दुकानाला लागूनच सलून होतं, आणि सलूनवाले काका म्हणजे गल्लीचा रेडिओ. फरक एवढाच की यांना बंद करायचं बटण नव्हतं.

"यांना काय कळतंय? बत्तीस पायऱ्या म्हणे!" गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा थांबवून काका म्हणाले. "मी असतो ना तिथं, असा बोललो असतो, असा बोललो असतो..."

"काका, आधी दाढी," गिऱ्हाईक म्हणालं.

"मग बोला की जाऊन, भाऊ," आत्या पलीकडून ओरडली. "आरशाला काय सांगताय? आरसा काही नगरपालिकेत नोकरीला नाही."

लोक हसले. पण बोलणं काही थांबेना. एक म्हणाला, आपलं कोण ऐकतंय. दुसरा म्हणाला, वरून सगळं ठरलेलंच असतं. तिसऱ्यानं कपाळावर हात मारला. मुलांनो, तुमच्या लक्षात आलं असेल, आपल्याकडे बोलायला कुणी कमी पडत नाही. जिथं बोलायचं तिथं मात्र खुर्च्या रिकाम्या असतात.

शेवटी ठरलं, एक झकास अर्ज करायचा आणि सगळ्यांनी सह्या करायच्या. काकांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून लिहायला तेच बसले. सह्या गोळा करायला तीन दिवस गेले. एकशे तेरा झाल्या. त्यात एकानं परगावी गेलेल्या मेहुण्याचीही करून टाकली होती. ती आत्यानं खोडली, म्हणून एकशे बारा. अठरा तारखेला दुपारी आत्या आणि टाचणी अर्ज घेऊन कचेरीत गेल्या.

खिडकी उंच होती. आतल्या कारकुनाला फक्त टाचणीचे केस आणि दोन डोळे दिसत होते. त्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला, अर्ज वाचला, पुन्हा वाचला, शिक्का मारला आणि रजिस्टरात लिहिलं.

"हरकत क्रमांक एक."

"एकशे बारा," टाचणी म्हणाली.

"सह्या एकशे बारा. कागद एक, हरकत एक."

"पण माणसं तर..."

"बाळ, इथं कारणाचा रकाना आहे. त्यात मी काय लिहू ते सांग." त्यानं अर्ज तिच्यासमोर धरला. "वाच तूच."

टाचणीनं वाचलं. 'आम्ही सर्व जागरूक नागरिक या अन्यायकारक, जुलमी व जनताविरोधी पुलाचा कडक शब्दांत धिक्कार करीत आहोत. हा पूल आम्ही होऊ देणार नाही म्हणजे नाही.' खाली सह्याच सह्या.

"जुना पूल तडकलाय, तो पाडावाच लागणार," कारकून म्हणाला. "नवाही नको म्हणता. मग काय लिहू? पूलच नको?"

"पायऱ्या नकोत!" खालून आत्याचा आवाज आला. "सपाट पाहिजे, नाहीतर उतार द्या."

कारकुनानं उठून खिडकीतून खाली वाकून बघितलं. तेव्हा त्याला पहिल्यांदा तीनचाकी दिसली. थोडा वेळ तो तसाच वाकून राहिला.

"हे अर्जात का नाही लिहिलं, बाई?"

"अहो, सगळ्यांना माहीतच आहे की."

"मला नव्हतं माहीत," कारकून म्हणाला. "आणि पुलाचा नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरलाही नसणार. तो या गल्लीत राहत नाही."

आत्या कपाळ चोळत हसली. "म्हणजे आम्ही गळा काढून रडलो, पण दुखतंय कुठं ते सांगितलंच नाही."

कारकून खुर्चीत बसला. "अजून दोन दिवस आहेत. ज्याचं त्यानं लिहा. नाव, पत्ता आणि कारण. साधं लिहिलं तरी चालतं. वीस तारखेला साडेपाचला खिडकी बंद होते. मग सुनावणी लागेल, तिथं ज्यानं लिहिलंय त्याला बोलता येईल."

परतताना पुलावर आत्या म्हणाली, "आपण एकाच मापाचा झगा शिवला गं टाचणे, सगळ्या गल्लीला. कुणालाच बसला नाही."

दुकानात आल्यावर तिनं मापाची वही काढली. शिंप्याच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान असतं: छाती, कंबर, बाही, उंची. मागची कोरी पानं तिनं पट्टी लावून फाडली आणि मोजली. पंचेचाळीस निघाली. एका पानावर तिनं स्वतःचं लिहिलं: चाकांची रुंदी, दिवसातून किती फेऱ्या, वळशाला लागणारा वेळ. उरलेली चव्वेचाळीस टाचणीच्या हातात दिली.

"तुझं काम फक्त विचारायचं आणि लिहायचं. स्वतःचं घुसडायचं नाही. विचार, पुलावरून काय नेता? बास."

टाचणी निघाली. पहिल्या दारात मावशी म्हणाल्या, "तूच लिही गं काहीतरी, मी सही ठोकते."

"मी लिहीन, पण सांगा तुम्ही. पुलावरून काय नेता?"

"मी? मी काय नेणार? पिशवी नेते." मावशी थांबल्या. "आणि दर गुरुवारी आईला दवाखान्यात नेते. एका हातात पिशवी, एका हातात आई. मध्ये चार ठिकाणी टेकावं लागतं तिला." मग त्यांनी पदर नीट केला आणि स्वतःच म्हणाल्या, "पायऱ्या झाल्या तर आईला कसं नेऊ गं मी?"

असं घरोघर झालं. आधी 'माझं काय, काही नाही', आणि मग पानभर मजकूर. दूधवाल्याच्या सायकलला दोन्ही बाजूंना कॅन. सिलिंडरवाल्याची हातगाडी. जुळ्यांच्या आईची बाबागाडी, तिला एक चाक कमी होतं तरी. सलूनवाल्या काकांना पान भरायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. 'जुलमी' लिहू का, 'धिक्कार' लिहू का, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'माझ्या गुडघ्यांत वाटी राहिलेली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.'

एकोणीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस पानं भरली. उरलं एक.

पुलाच्या टोकाला किल्लीवालीची टपरी होती. ती किल्ल्या बनवायची, कुलपं दुरुस्त करायची. टपरीत मागे एका खोक्यावर तिचा मुलगा पाय लांब करून बसायचा. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. दीड महिन्यापूर्वी एक मोटारसायकलवाला गर्दी चुकवायला थेट पुलावर घुसला होता, आणि हा पोरगा कठड्यावर आपटला होता. टाचणीच्याच वर्गात होता तो.

"पुलावरून काय नेता, काकू?"

किल्लीवालीनं कानस बाजूला ठेवली. "लिही. मला पायऱ्यांचाच पूल हवा."

टाचणीचं पेन थांबलं.

"काय गं? शाई संपली?"

"नाही."

"मग लिही. 'पायऱ्या असल्या की मोटारसायकली येत नाहीत. माझा मुलगा अजून चालत नाही. रोज अकरा-बारा गाड्या इथून जातात, मी इथंच बसलेली असते, मोजते. आधी गाड्या थांबवा.' लिहिलंस? आणि शेवटी लिही, 'मला एक गोष्ट सुचली आहे, पण मला कुणी विचारलेलं नाही.' "

टाचणीनं लिहिलं. पण अक्षर एवढं बारीक काढलं की किल्लीवालीला कागद नाकाशी धरावा लागला. तरी तिनं सही केली. टाचणीनं ते पान बाकीच्यांबरोबर ठेवलं नाही. घडी घालून कंपासपेटीत टाकलं.

दुकानात आत्यानं पानं घेतली आणि अंगठ्याला थुंकी लावून मोजली. कापडाचे तुकडे मोजायची सवय. एक बाही हरवली तर अख्खा सदरा वाया जातो.

"माझं धरून चव्वेचाळीस. दिली होती तुला चव्वेचाळीस, म्हणजे माझं धरून पंचेचाळीस पाहिजेत. एक कुठंय?"

"खराब झालं."

"दाखव खराब झालेलं."

टाचणीनं कंपासपेटी उघडली. आत्यानं घडी उलगडली, कागद मशीनच्या दिव्याखाली धरला आणि सावकाश वाचला. मग पुन्हा वाचला.

"खोटं लिहिलंय का यात?"

"नाही. पण..."

"पण काय?"

"पण हे वाचून त्यांनी पायऱ्याच केल्या तर? तुझ्या दुकानाचं काय? ती एकटीच आहे, आत्या. आपण एवढे सगळे आहोत. एक नाही दिला तर काय फरक पडतो?"

"एकानं काही फरक पडत नाही, तर मग देऊन टाक की."

 आत्यानं कागद पुन्हा त्याच घडीवर मिटला.

"हे बघ, गिऱ्हाईक आपल्याकडे कापड टाकून जातं. रंग आपल्याला आवडो न आवडो. आपल्या हातात कात्री आहे म्हणून ते कापड आपलं होत नाही. कळलं?" तिनं कागद कंपासपेटीत परत ठेवला. "मला उद्या लग्नाचे सहा पोशाख द्यायचेत. कचेरीत तू एकटीच जायचंस."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की," आत्या म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली. तीन वेळा दोरा चुकला.

दुसऱ्या दिवशी टाचणी सव्वापाचला खिडकीशी पोचली. कारकून एकेका पानावर शिक्का मारत गेला. क्रमांक दोन, तीन, चार. मध्येच एखादं वाचायचा आणि 'हं' म्हणायचा. काकांच्या गुडघ्यांपाशी त्यानं स्वतःचा गुडघा चोळला. चव्वेचाळीस पानं संपली.

"झाले?"

घड्याळात पाच अठ्ठावीस झाले होते. टाचणीनं कंपासपेटी उघडली. किल्लीवालीचा कागद तिनं सगळ्यांत शेवटासाठी ठेवला होता. आधी देण्याइतकी ती मोठी झाली नव्हती. पण दिला.

"हा पंचेचाळिसावा," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी सुनावणी लागली, शाळेच्या सभागृहात. पंचेचाळीस जणांनी लिहिलं होतं, आले सव्वीस. बाकीच्यांना कामं होती. काहींना खरोखरच होती. समोर टेबलामागे अधिकारी बाई, शेजारी पुलाचा नकाशा घेऊन इंजिनिअर, आणि कडेला तोच कारकून रजिस्टर घेऊन. पुढे एक माइक होता, लांब काळ्या वायरीचा. आत्याची तीनचाकी मधल्या वाटेत उभी होती.

इंजिनिअर तरुण होता. त्यानं नीट समजावून सांगितलं. कालव्यातला गाळ काढायला यंत्र पुलाखालून जायला हवं, म्हणून पूल उंच. आणि उताराला जागा जास्त लागते, म्हणून पायऱ्या. मग कारकून नावं घ्यायला लागला. जो तो उठून बोलला. मावशींनी आईचं सांगितलं. काका उठले, घसा खाकरला, आणि एवढंच म्हणाले, "गुडघे." लोक हसले, काकाही हसले. आत्यानं आकडे सांगितले. तिची रुंदी, तिच्या फेऱ्या, तिचा वळसा. इंजिनिअर खाली मान घालून लिहून घेत होता. मध्येच त्यानं विचारलं, "उतार किती असला तर तुम्हाला चढवेल?" आणि आत्या सरसावून बसली. तिला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. बोलून झाल्यावर टाळ्या पडल्या.

"शेवटचा कागद," कारकून म्हणाला. "किल्लीवाल्या बाई."

ती अगदी मागच्या रांगेत बसली होती. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं, कागदातून कुलपाची कडी डोकावत होती. ती उभी राहिली.

"मला पायऱ्या हव्यात," ती म्हणाली. माइक लांब होता, म्हणून मोठ्यानं म्हणाली.

सभागृहात गलका झाला. "गल्लीत राहून गल्लीच्या विरुद्ध?" "हिला कुणी बोलावलं?" "सगळ्यांचं एक आणि हिचं भलतंच!" काका तर अर्धे उठलेच, "बस खाली, बाई! सगळ्या कामावर पाणी ओतू नकोस."

"शांतता राखा," अधिकारी बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज गलक्यात बुडाला.

किल्लीवालीनं इकडे तिकडे बघितलं. मग ते पुडकं पोटाशी धरून खाली बसली.

"बोलायचं नाही का तुम्हाला?" अधिकारी बाईंनी विचारलं.  किल्लीवालीनं नकारार्थी मान हलवली. "बरं. मग नोंद घ्या, हरकतदारांनी बोलण्यास..."

टाचणी उठली. ती सरळ पुढे गेली आणि तिनं माइक दांड्यातून काढून घेतला. माइकनं एवढी मोठी किंकाळी फोडली की गलका आपोआप थांबला. मग ती वायर ओढत मागे निघाली. वायर खुर्च्यांच्या पायांत अडकत होती.

"पाय वर घ्या, मावशी. पाय वर. काका, तुमचेही."

"माझे गुडघे..." काका पुटपुटले, पण त्यांनी पाय वर घेतले. एकेक रांग पाय उचलून बसली आणि खालून वायर सरकत गेली. मधल्या वाटेत मात्र ती तटकन ताणली. टाचणीनं वळून बघितलं. वायर आत्याच्या चाकाखाली सापडली होती.

दोघींची नजरानजर झाली. आत्याचे दोन्ही हात चाकांवर होते. तिनं क्षणभर तिथल्या तिथे चाकं धरून ठेवली. मग वीतभर मागे घेतली.

वायर सुटली. टाचणी शेवटच्या रांगेपर्यंत गेली, किल्लीवालीच्या समोर उभी राहिली, दोन्ही हातांनी माइक तिच्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला काय सुचलंय?"